आधी फळी ओढा

व्यंकटराव,

तुम्ही मनमिळाऊ नव्हतात. हे आधीच सांगून टाकतो, कारण पेपरात तसं छापून आलं आहे. आतल्या पानावर, खालच्या कोपऱ्यात, फोटोसह. शेवटचं वाक्य नेहमीचंच: ‘ते अत्यंत मनमिळाऊ स्वभावाचे म्हणून सर्वपरिचित होते.’ नोकरीत असताना हे वाक्य मी स्वतः कित्येकांच्या नावाखाली लावलं आहे. माणूस कसा होता हे विचारायला वेळ नसला की ते लावायचं. तुमच्या नावाखाली ते वाचलं, पेपर ठेवला आणि उठलो. तेव्हापासून धड बसलेलो नाही.

घरात तक्रार सुरू झाली आहे. “बसा की एका जागी. फरशी झिजून राहिली,” असं कालच ऐकून घेतलं. गच्चीवर जातो, खाली येतो. गाडीची किल्ली हातात घेतो, परत खुंटीला लावतो. मध्यंतरी नांदेडहून निघून लोह्यापर्यंत गेलो आणि तिथं चहा पिऊन माघारी आलो. माळावर जायचं होतं. गेलो नाही. तिथं गेलं की एक गोष्ट ठरवावी लागेल, आणि ती ठरत नव्हती.

ती गोष्ट म्हणजे तुमचा चेंडू. पिवळा, निळ्या शाईची फुली मारलेला. तो आज सकाळपर्यंत माझ्या गाडीत होता, समोरच्या कप्प्यात. वळणावर गाडी वळली की आत गडगडायचा.

पुढचं तुम्हाला सांगायची गरज नाही. पण हे छापून येणार आहे, आणि नांदेड-लातूरच्या मधे माणसं गोल्फ खेळतात म्हटलं की लोक आधी हसतात. म्हणून चार ओळी त्यांच्यासाठी. कालव्याच्या कामाची जुनी वसाहत, तिच्यामागे मुरमाड माळ. बाहेरून आलेल्या कुणा इंजिनिअर साहेबाला इथं करमेना, म्हणून त्यानं त्या माळावर सहा भोकं पाडली. साहेब बदलून गेला, भोकं राहिली. गवत पावसाळ्यापुरतं. टीव्हीवर दिसते तशी हिरवळ राखायला पाणी कुठलं. वसाहतीत प्यायचंच टँकरनं येतं. म्हणून भोकाभोवती वाळूचं गोल अंगण, आणि वाळू वाऱ्यानं उडू नये म्हणून तिच्यात गॅरेजमधून आणलेलं जळकं ऑइल कालवलेलं. त्या अंगणाला आपल्यात सगळे ‘काळं’ म्हणतात. मधोमध रंगाचा रिकामा डबा पुरलेला, डब्यात बांबू, बांबूला लाल फडकं. लांबून चेंडू मारत काळ्यावर आणायचा आणि मग हलक्या टोल्यानं डब्यात घालायचा. एवढाच खेळ.

काळ्यावर पावलं उमटतात. चेंडू त्या खळग्यांत अडकतो, भलतीकडे वळतो. म्हणून प्रत्येक काळ्याच्या कडेला दोरी बांधलेली एक लाकडी फळी पडलेली असते. ती ओढली की वाळू सारखी होते. आणि इथला दस्तूर असा की फळी खेळणाऱ्यानं ओढायची नाही, समोरच्यानं ओढायची. चेंडूपासून डब्यापर्यंतची वाट प्रतिस्पर्ध्यानं सारखी करून द्यायची, फळी बाजूला ठेवायची, आपली सावली त्या वाटेवरून काढून घ्यायची आणि गप्प उभं राहायचं. ज्याला हरवायचं आहे त्याचीच वाट साफ करायची. दुसरीकडे कुठं हे करतात की नाही, मला माहीत नाही. तुम्ही याला कधी नियम म्हणाला नाहीत. “नियम पंचासाठी असतात,” म्हणायचात. “हा दस्तूर हाय.” आणि फळी ठेवली की पंगतीत यजमान म्हणतो तसं हळूच म्हणायचात, “सावकाश होऊ द्या.”

मी तिथं पहिल्यांदा आलो तो बातमीसाठी. रविवारच्या पुरवणीला हलकंफुलकं काहीतरी हवं होतं. माळावर गोल्फ, शेळ्या, डबा. मथळा मी येतानाच ठरवून आलो होतो. तुम्ही टोला मारायला उभे राहिलात आणि मी शेजारून प्रश्न विचारला. तुम्ही स्टिक खाली घेतली. माझा प्रश्न संपेपर्यंत ऐकलात. मग उत्तर दिलंत, सविस्तर. परत उभे राहिलात. मी दुसरा प्रश्न विचारला. परत स्टिक खाली.

“झालं?” तुम्ही विचारलंत.

“झालं.”

“मग मारू का आता?”

आवाजात राग नव्हता, म्हणून मी जास्त ओशाळलो. तुमचा चेंडू बांधापलीकडच्या सोयाबीनकडे निघाला आणि तुम्ही तोंडाला हात लावून ओरडलात, “हुश्शार!” शेतात वाकलेली माणसं सरळ झाली, चेंडू कुठं पडतो ते पाहिलं आणि परत वाकली. त्यांच्या लेखी ते रोजचं होतं.

तिसऱ्या डब्याकडे जाताना सुभद्राबाईच्या शेळ्या आडव्या आल्या. शेळ्या काय, हाकलल्या असत्या तर गेल्या असत्या. तुम्ही टोपी काढून उभे राहिलात. सगळ्या जाईपर्यंत. मी घड्याळ पाहिलं, तर म्हणालात, “त्यांचा हक्क पहिला. आपण नंतर आलो.” त्याच सकाळी चेंडू बाभळीखाली हरवला, आपण दोघं वाकून शोधत होतो, आणि सुभद्राबाई काठीवर हनुवटी टेकून विचारत होती, “काय शोधून राहिले साहेब? सोनं सांडलं का?”

“न्हाई बाई,” तुम्ही मान वर न करता म्हणालात, “वय सांडलंय.”

ती बातमी मी लिहिली नाही. पुढच्या रविवारी परत आलो, आणि मग येतच राहिलो. तुम्ही मला ‘संपादक’ म्हणायला लागलात. मी उपसंपादक होतो, हे दर वेळी सांगायचो. तुम्ही म्हणायचात, “होताल की.” झालो नाही, तुम्ही म्हणणं सोडलं नाहीत.

तुम्ही अदबशीर होतात. मनमिळाऊ माणूस समोरच्याला बरं वाटावं म्हणून वागतो. तुम्ही समोरच्याला पुरतं खेळू द्यायचात, मग त्याला बरं वाटो की वाईट. यावरूनच आपलं बिनसलं, म्हणून हे नीट लिहून ठेवतो आहे.

तो किस्सा तुम्हाला आवडायचा नाही, तरी सांगतो. तुमच्या पाटबंधारे खात्याचे एक वरचे साहेब पाहणीला आले होते. त्यांना कुणीतरी सांगितलं की इथं खेळतात. साहेब हौशी होते, हात बरा नव्हता. आता आपल्यात एक पद्धत आहे: चेंडू अगदी डब्याच्या तोंडाशी असेल, चुकायचा प्रश्नच नसेल, तर समोरचा ‘दिला’ म्हणतो. म्हणजे घातला असं धरलं, चेंडू उचला. ‘दिला’ मागायचा नसतो. आणि एकदा दिला की परत घेता येत नाही, नाकारताही येत नाही; हा मात्र खेळाचा लिखित नियम आहे. तर साहेबांचा चेंडू डब्याच्या तोंडाशी नव्हता, पण साहेब साहेब होते. सोबतचे सगळे तुमच्याकडे बघायला लागले, की आता हे ‘दिला’ म्हणतील. साहेबही अर्धे वाकले होते उचलायला. तुम्ही फळी उचललीत. चेंडूपासून डब्यापर्यंत असली सरळ वाट ओढलीत की आखणी केल्यासारखी. फळी ठेवलीत. “सर, वाट तयार हाय. सावकाश होऊ द्या.”

साहेबांचा चेंडू डब्याला वळसा घालून गेला. ते हसले, बाकीचेही हसले, आणि त्यानंतर तुमची बदली माहूरकडे झाली. या दोन गोष्टींचा संबंध सिद्ध करता येत नाही, म्हणून मी तो जोडत नाही. तुम्हीही जोडला नाहीत. म्हणालात, “डोंगरात हवा चांगली असते.”

मी एकदा विचारलं होतं, दिला असतात तर काय बिघडलं असतं? तुम्ही म्हणालात, “त्या माणसाला खेळायचं होतं, संपादक. इतक्या लांबून आला होता. त्याला चेंडू उचलायला लावून माघारी पाठवायचं व्हय?”

हे मी विसरलो नव्हतो. तरीही आपलं भांडण झालं.

त्याआधीची एक सकाळ. आमची आवृत्ती बंद झाली ती सकाळ. फोन येत होते. वाईट झालं, धीर धरा, काहीतरी होईल. बोलणाऱ्यांचा दोष नव्हता, पण प्रत्येक फोननंतर मी थोडा लहान होत होतो. तुमचा फोन आला नाही. तुम्ही रात्रीच लातूरहून निघून स्कूटरवर नांदेडला आलात, दारात हॉर्न वाजवलात. “चला. ऊन व्हायच्या आत.” वाटेत एक शब्द नाही. माळावर गेलो. माझे चेंडू कुठल्या कुठं जात होते. पहिल्या काळ्यावर माझा चेंडू डब्यापासून वीतभर होता. कुणीही दिला असता. तुम्ही फळी ओढलीत. वीतभर वाटेसाठी. दुसऱ्यावर तेच, तिसऱ्यावर तेच. त्या दिवशी तुम्ही मला एकही चेंडू दिला नाहीत. प्रत्येक वेळी फळी, प्रत्येक वेळी “सावकाश होऊ द्या”, आणि नंतर बाजूला उभे, टोपी हातात. शेवटच्या डब्यात चेंडू पडला तेव्हा सकाळपासून पहिल्यांदा मला भूक लागली. आपण अहमदपूरच्या फाट्यावर भजी खाल्ली. मी हरलो होतो, चांगलाच. तुम्ही ते दोनदा मोजून सांगितलंत.

त्या सकाळीबद्दल मी तुमचे आभार मानले नाहीत. मानायचे राहून गेले असं नाही. तुम्ही ते झटकून टाकाल हे माहीत होतं. आता झटकायला तुम्ही नाही, म्हणून मानतो.

मग तुमचा हात.

आधी चहा बशीत सांडायला लागला. तुम्ही बशी सोडून पेला धरायला सुरुवात केलीत. मग सहीला वेळ लागायला लागला. लांबचा टोला अजून ठीक जायचा, कारण त्यात झोक असतो. काळ्यावर मात्र स्टिकचं टोक वाळूवर टकटक करायचं. अहमदपूरचे डॉक्टर आपल्यातलेच. त्यांनी मला बाजूला घेऊन सांगितलं की हे आता वाढत जाणार. तेव्हापासून मी थोड्या लांबून ‘दिला’ म्हणायला लागलो. वीतभरावरून हातभर. तुम्ही एक-दोनदा माझ्याकडे पाहिलंत. चेंडू उचललात, पण पाहिलंत.

शेवटचा सामना. शेवटचं काळं. आपण बरोबरीत होतो. माझा चेंडू डब्यात गेलेला, तुमचा एका लांब ढांगेवर, बाभळीच्या बाजूला. तो गेला तर बरोबरी, नाही तर मी जिंकलो. मागे डॉक्टर आणि त्यांच्यासोबतचे दोघं थांबले होते. ऊन चढलं होतं. तुम्ही चेंडूमागे उभे राहिलात. टोक टकटक करत होतं.

मी म्हणालो, “दिला.”

तुम्ही वर पाहिलं नाहीत. “फळी?”

“दिला म्हटलं ना.”

“ऐकलं. आधी फळी ओढा.”

“व्यंकटराव, दिलेला नाकारता येत नाही. नियम आहे.”

“एवढ्या लांबून कोण देतं?”

“मी देतो.”

“मी मागितला होता का?” आता तुम्ही वर पाहिलंत. “खामखा मेहरबानी करून राहिलात. चेंडू बघून देत न्हाई तुम्ही. हात बघून देता.”

मागून डॉक्टर म्हणाले, “अहो, घ्या ना बरोबरी. चहा थांबलाय.” ते हसण्यावारी नेत होते.

तुम्ही फळीकडे पाहिलंत. ती माझ्या पायाशी पडली होती. मी ती उचलायला हवी होती असं तुमचं म्हणणं. मी उचलली नाही, कारण उचलली असती तर माझा शब्द खोटा पडत होता. मग तुम्ही स्टिक पिशवीत घातलीत. चेंडू तिथंच. सामना संपला की टोपी काढून हात मिळवायचा, हा तुमचाच दस्तूर. तुम्ही टोपी घट्ट केलीत आणि स्कूटरकडे निघालात.

माझं म्हणणं आजही सांगतो, कारण तेव्हा तुम्ही ऐकून घेतलं नाहीत. मी कीव केली नाही. चार माणसांसमोर तुमचा चेंडू डब्याजवळून भलतीकडे गेला असता, ते मला बघायचं नव्हतं. यात माझा काही डाव नव्हता. उलट जिंकलेला सामना मी सोडत होतो. मित्रानं एवढंही करायचं नाही का? तुम्ही म्हणाल, वरच्या साहेबाच्या वेळी मी काय केलं होतं? मी म्हणेन, साहेब तुमचा मित्र नव्हता. तुम्ही म्हणाल, मग तुमच्या त्या सकाळी? इथं माझ्याकडे उत्तर नाही. गेले कित्येक दिवस गच्चीवर चकरा मारताना वाद इथपर्यंत येतो आणि थांबतो. मग मी तो परत पहिल्यापासून सुरू करतो.

तुम्ही रागावून चार शब्द बोलला असतात तर सोपं होतं. तुम्ही अदबीनं वागलात. फोन केला की पहिला प्रश्न, “पाऊस कसा हाय नांदेडला?” घरच्यांची चौकशी, सोयाबीनचा भाव, डॉक्टरांच्या मुलीचं लग्न. चेंडूचा विषय नाही. मी रविवारचं विचारायचो, तुम्ही म्हणायचात, “बघू की.” एकदा ठरलं, तर तुमची तब्येत आडवी आली. एकदा मला भोकरला लग्नाला जावं लागलं. खरं तर ते लग्न चुकवता आलं असतं. डॉक्टरांनी चेंडू उचलून मला दिला होता. “तुम्ही द्या त्यांना, निमित्त होईल,” म्हणाले होते. निमित्त झालं नाही.

दवाखान्यात भेटलो तेव्हा तुम्ही विचारलंत, “काळ्यावर ऑइल टाकलं का यंदा?”

“टाकायचंय.”

“टाका. उन्हाळ्यात वाळू उडते.”

मी म्हणणार होतो, त्या दिवशीचं... तेवढ्यात सिस्टर आल्या आणि मला बाहेर थांबायला सांगितलं. बाहेर थांबलो. मग परत आत गेलो नाही; तुम्ही झोपला होतात, असं सांगितलं त्यांनी.

तेराव्याला लातूरला तुमच्या घरी आलो होतो. जेवणं झाली, माणसं पांगली. वहिनींनी मला मधल्या बोळीत नेलं, स्वयंपाकघर आणि न्हाणीच्या मधली ती अरुंद बोळ. फरशीवर एक स्टीलचा पेला आडवा पडला होता, भिंतीला टेकवलेला. त्याच्या काठाला पोचे होते.

“उचलला नाही मी अजून,” वहिनी म्हणाल्या. “रोज सकाळी यांचं हेच. चेंडू मारायचा, पेल्यात घालायचा. टण् टण्. मी म्हणायचे, अहो, शेजारी झोपलेत, आपलं वय काय, हे चाललंय काय. तर म्हणायचे, थोडं राहिलंय. कधी विचारलं तरी तेच. थोडं राहिलंय.” त्यांनी पदर सारखा केला. “भाऊजी, काय राहिलं होतं हो यांचं?”

जन्मभर मी लोकांना प्रश्न विचारले. मला विचारलेल्या प्रश्नाला मी म्हणालो, “सांगतो, वहिनी.” आणि चप्पल घालून निघालो. त्यानंतर चकरा आणखी वाढल्या.

पुढं श्रीनिवासचा फोन आला. तुमचा मुलगा हैदराबादला परत जायच्या आधी माळावर येऊन जाणार होता, तुमची काळ्यावरची स्टिक घेऊन. ती तिथंच ठेवायची असं त्याच्या मनात होतं. डॉक्टरांनी लगेच कार्यक्रम आखला: रविवारी सकाळी सगळ्यांनी जमायचं, शेवटच्या काळ्यावर तुमचा चेंडू होता तिथं ठेवायचा, टोप्या काढायच्या आणि एका सुरात ‘दिला’ म्हणायचं. सामना बरोबरीत सुटला असं धरायचं. “छान होईल,” डॉक्टर म्हणाले. “जागा तुम्हालाच माहीत आहे नेमकी. तुम्ही या.”

छान झालं असतं. मनमिळाऊ झालं असतं. मी “बघू” म्हणालो आणि मग ती किल्ली, ती खुंटी, तो लोह्याचा चहा.

आज तो रविवार होता. गेलो.

वहिनी आल्या होत्या. इतक्या वर्षांत त्यांनी माळ पाहिला नव्हता. काळ्याच्या कडेला चप्पल काढून उभ्या राहिल्या. डॉक्टरांनी सांगितलं की घातली तरी चालते, पण त्यांनी घातली नाही. श्रीनिवासच्या हातात स्टिक होती. तो तुमच्यासारखाच उभा राहतो, एका पायावर भार टाकून. मी बाभळीच्या बाजूनं अंदाज घेतला आणि चेंडू ठेवला. फुली वर करून. एक लांब ढांग.

डॉक्टरांनी टोपी काढली. “हं, सगळ्यांनी. संपादक, तुम्ही आधी म्हणा. तुमचाच मान.”

“थांबा,” मी म्हणालो.

फळी जुनीच होती. दोरी नवी होती, कुणी बांधली माहीत नाही. मी ती उचलली.

“अहो, ‘दिला’ म्हणायचंय ना?”

“तो दिला होता, तो मी परत घेतला.”

“दिलेला परत घेता येत नाही,” डॉक्टर म्हणाले. माझाच नियम, उलट्या बाजूनं.

“हाव. येत नाही.”

मी चेंडूपासून डब्यापर्यंत फळी ओढली. सरळ यावी म्हणून हळू ओढली. तुमच्यासारखी आली नाही, मधे थोडी वळली, म्हणून परत ओढली. फळी कडेला ठेवली. ऊन पाठीमागून होतं, माझी सावली वाटेवर पडत होती. दोन पावलं बाजूला झालो. श्रीनिवास पुढं आला. त्याला वाटलं असावं की आता त्यानं मारायचा. मी हातानं थांबवलं. दुसऱ्याच्या चेंडूला हात लावायचा नसतो, एवढं त्यालाही घरात ऐकून माहीत होतं. तो मागं झाला.

डॉक्टरांनी खिशातला फोन बंद केला.

मग वहिनी हळूच म्हणाल्या, “हेच राहिलं होतं का?”

“यांचं हे,” मी चेंडूकडे हात केला. “आणि माझं ती फळी.”

त्यांनी मान हलवली. समजलं की नाही, विचारलं नाही. नजर मात्र त्यांनी चेंडूवरून काढली नाही.

वाद संपला असं समजू नका. मित्रानं एवढंही करायचं नाही का, हा माझा प्रश्न आहे तिथं आहे. पण तुमची पाळी असताना मी बोलत होतो, आणि ते इथल्या दस्तुरात बसत नाही. आधी तुमचं होऊ द्या. मग बोलू.

तेवढ्यात बांधाकडून घंटा वाजली आणि सुभद्राबाईच्या शेळ्या आल्या. ती आता थकली आहे, मागं राहते, शेळ्या पुढं. डॉक्टर हात वर करून हाकलायला निघाले. मी म्हणालो, “राहू द्या. त्यांचा हक्क पहिला.” सगळे टोप्या हातात घेऊन उभे होतेच. शेळ्या काळ्यावरून गेल्या, ओढलेल्या वाटेवरून, डब्याला हुंगून. एकीनं चेंडू चाटून पाहिला, ऑइल लागलं असावं, सोडून दिला. सुभद्राबाई मागून आली, आमच्याकडे पाहिलं, वहिनींच्या पांढऱ्या कपाळाकडे पाहिलं, आणि काही न विचारता शेळ्यांमागं गेली.

वाटेवर खुरच खुर उमटले होते.

मी फळी परत उचलली. ओढली. या वेळी सरळ आली. बाजूला झालो, सावली काढून घेतली.

सावकाश होऊ द्या, व्यंकटराव.